अर्ध्या टक्क्यासाठीं पडलेलें मंत्रिमंडळ

निवडणुकीचे निकाल बाहेर पडले कीं वर्तमानपत्रांतून आंकड्यांचा पाऊस पडतो. अमक्या पक्षास इतक्या जागा, तमक्यास तितक्या. आणि पुष्कळदां त्याखालीं हें एक वाक्य असतें कीं, कोणत्याहि एका पक्षास स्पष्ट बहुमत मिळालेलें नाहीं. मग घरांतील वडील मंडळी तर्क चालवूं लागतात कीं, आतां कोण कोणाशीं हातमिळवणी करणार; आणि शाळेंत जाणाऱ्या मुलांस प्रश्न पडतो कीं, निवडणूक संपली तरी जिंकलें कोण हें ठरत कसें नाहीं? या प्रश्नाचें उत्तर देणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तें उत्तर आम्ही केवळ व्याख्या सांगून देणार नाहीं. एका देशाच्या इतिहासांतील एक प्रसंग आम्ही विद्यार्थ्यांपुढें मांडणार आहों. तो देश जर्मनी, आणि तो प्रसंग १९३० सालच्या मार्च महिन्यांतील.

आरंभीं थोडें गणित. ज्या देशांत मंत्रिमंडळ लोकांनीं निवडलेल्या सभेस जबाबदार असतें, त्या देशांत राज्यकारभार निर्वेधपणें चालविण्यास सभेंतील निम्म्याहून अधिक सभासदांचा पाठिंबा असावा लागतो. आपल्या लोकसभेंत ५४३ जागा आहेत, म्हणून तेथें २७२ या आंकड्यास इतकें महत्त्व. आतां अशी कल्पना करा कीं, एखाद्या सभेंत १०० जागा असून तीन पक्षांना अनुक्रमें ४०, ३५ व २५ जागा मिळाल्या आहेत. पहिला पक्ष सर्वांत मोठा खरा, पण त्याच्या बाहेर ६० सभासद आहेत. ५१ चा आंकडा गांठावयाचा तर कोणत्या तरी दोन पक्षांनीं एकत्र आलें पाहिजे. येथें एक गंमत लक्षांत घेण्यासारखी आहे. ४० व ३५ मिळून ७५, ४० व २५ मिळून ६५, ३५ व २५ मिळून ६०. म्हणजे कोणतेहि दोन पक्ष एकत्र आले तरी बहुमत होतें. अशा वेळीं २५ जागांच्या धाकट्या पक्षाचें वजन ४० जागांच्या थोरल्या पक्षाइतकेंच ठरतें. लहान पक्ष मोठ्यांस अटी कां घालूं शकतात, याचें रहस्य या साध्या बेरजेंत आहे.

याप्रमाणें दोन किंवा अधिक पक्ष मिळून जें मंत्रिमंडळ बनवितात त्यास संयुक्त मंत्रिमंडळ म्हणतात. आमच्या खेडेगांवांतील शेतकऱ्यांस ही कल्पना नवी वाटणार नाहीं. जड नांगरास चार बैल लागतात आणि दोघां शेजाऱ्यांजवळ दोन दोनच बैल असतात, तेव्हां ते सावड करितात. आज तुझें शेत, उद्यां माझें. बैलांची बेरीज चार झाली म्हणजे सावड सुरू होते. पण ती टिकते कीं नाहीं, हें पहिल्याचें शेत नांगरून झाल्यावर तो दुसऱ्याच्या बांधावर येतो कीं नाहीं, यावर अवलंबून असतें. संयुक्त मंत्रिमंडळाचेंहि तसेंच आहे. बेरजेनें तें जन्मास येतें आणि परस्परांच्या देवाणघेवाणीवर तें जगतें. जर्मनीची हकीकत याच गोष्टीची साक्ष देते.

पहिल्या महायुद्धांत जर्मनीचा पराभव झाला, नोव्हेंबर १९१८ मध्यें कैसरची सत्ता संपली आणि तो देश प्रजासत्ताक झाला. १९ जानेवारी १९१९ रोजीं राष्ट्रसभेची निवडणूक झाली. त्या दिवशीं जर्मन स्त्रियांनीं राष्ट्रीय निवडणुकीत प्रथमच मत दिलें. राजधानी बर्लिन येथें दंगेधोपे चालू असल्यामुळें ही सभा व्हायमार या लहानशा शहरांत भरली, आणि म्हणून त्या राज्यास व्हायमारचें प्रजासत्ताक असें नांव पडलें. ११ ऑगस्ट १९१९ रोजीं नव्या घटनेवर सही झाली. वीस वर्षें पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषास मताचा अधिकार मिळाला. राइखस्टाग, म्हणजे तेथील लोकप्रतिनिधींची सभा, हिच्या निवडणुकीसाठीं प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धति स्वीकारण्यांत आली. कोणत्याहि पक्षास ६०,००० मतें मिळालीं कीं त्याची एक जागा, असा सामान्य हिशोब होता.

या पद्धतीचा गुण उघड आहे. आपल्याकडे मतदारसंघांत जो पहिला येतो तो निवडून येतो, आणि बाकीच्यांस पडलेलीं मतें वायां गेल्यासारखीं होतात. जर्मनीत बहुतेक कोणाचेंच मत वायां जात नसे. परंतु त्याबरोबरच लहानसहान पक्षांस सभेंत शिरणें सोपें झालें. १९१९ मध्यें सामाजिक लोकशाही पक्ष, कॅथलिकांचा मध्य पक्ष व लोकशाही पक्ष या तीन प्रजासत्ताकनिष्ठ पक्षांस मिळून सुमारें तीन चतुर्थांश मतें होतीं. जून १९२० च्या निवडणुकीत त्यांचें बहुमत गेलें, तें पुन्हां कधींच परत आलें नाहीं. त्यामुळें मंत्रिमंडळें वारंवार बदलूं लागलीं. १९१९ पासून १९३३ पर्यंतच्या चौदा वर्षांत तीं सुमारें वीस झालीं.

त्या घटनेंत आणखी एक कलम होतें, त्याकडे विद्यार्थ्यांनीं विशेष लक्ष द्यावें. ४८ व्या कलमानें राष्ट्राध्यक्षास असा अधिकार दिला होता कीं, राज्यावर मोठें संकट आल्यास त्यानें वटहुकूम काढून कारभार करावा. असा वटहुकूम रद्द करण्याचा अधिकार राइखस्टागला होता. पण राइखस्टाग विसर्जित करण्याचा अधिकार पुन्हां राष्ट्राध्यक्षासच होता. घरास आग लागली तरच फोडावयाची म्हणून ठेवलेली ही खिडकी. पण रोजच्या जाण्यायेण्याचा दरवाजा बंद पडला कीं लोक खिडकींतूनच ये-जा करूं लागतात, हें पुढें दिसून येईल.

२० मे १९२८ रोजीं निवडणूक झाली. एकंदर जागा ४९१. बहुमतास २४६ लागत. सामाजिक लोकशाही पक्षास १५३ जागा मिळाल्या व तो सर्वांत मोठा ठरला. हिटलरच्या नाझी पक्षास अवघ्या १२ जागा मिळाल्या, हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. सामाजिक लोकशाही पक्षाचे पुढारी हेर्मान म्यूलर यांस मुख्य प्रधान, म्हणजे जर्मन भाषेंत चॅन्सेलर, नेमण्यांत आलें. त्यांच्याबरोबर मध्य पक्ष, लोकशाही पक्ष, बव्हेरियन लोकपक्ष आणि ४५ जागा असलेला जर्मन लोकपक्ष असे आणखी चार पक्ष होते. पांचांची बेरीज तीनशेंच्या घरांत जात होती. बेरीज भक्कम होती. पण जोडी विजोड होती. सामाजिक लोकशाही पक्षाच्या पाठीशीं कामगार संघटना होत्या. जर्मन लोकपक्षाच्या पाठीशीं मोठे कारखानदार होते. एकाच नांगरास दोन निराळ्या चालींचे बैल जुंपले होते.

लवकरच त्याचा प्रत्यय आला. सरकारी खर्चानें एक नवी युद्धनौका बांधावयाची कीं नाहीं, असा प्रश्न होता. निवडणुकीच्या वेळीं सामाजिक लोकशाही पक्षानें मतदारांस सांगितलें होतें कीं, युद्धनौकेपेक्षां मुलांच्या जेवणावर पैसा खर्च झाला पाहिजे. सत्तेवर आल्यावर मात्र, जोडीदार पक्ष दुखावूं नयेत म्हणून, ऑगस्ट १९२८ मध्यें मंत्रिमंडळानें नौका बांधण्याचा निर्णय घेतला. पक्षांत खळबळ उडाली. नोव्हेंबरमध्यें पक्षानें त्याविरुद्ध ठराव आणला, आणि पक्षाच्या आज्ञेनें मुख्य प्रधान म्यूलर व त्यांचे स्वपक्षीय मंत्री यांस आपल्याच मंत्रिमंडळाच्या निर्णयाविरुद्ध मत द्यावें लागलें! ठराव फेटाळला गेला, नौका बांधली गेली, आणि मुख्य प्रधानाची शोभा झाली. पुढें फेब्रुवारी १९२९ मध्यें मध्य पक्षानें आपला मंत्री काढून घेतला व अधिक जागा मिळाल्यावर एप्रिलमध्यें तो पक्ष परत आला.

तथापि हें मंत्रिमंडळ त्या प्रजासत्ताकांतील सर्व मंत्रिमंडळांहून अधिक काळ, म्हणजे सुमारें एकवीस महिने, टिकलें. त्याचीं मुख्य कारणें दोन. एक, परराष्ट्रमंत्री गुस्टाव्ह श्ट्रेझेमान. हे जर्मन लोकपक्षाचे पुढारी असून आपल्या पक्षास तडजोडीच्या वाटेवर धरून ठेवण्याचें कठीण काम करीत. दुसरें, युद्धदंडाच्या फेडीविषयीं यंग योजना म्हणून जो करार व्हावयाचा होता, तो मंजूर करून घेणें या पांचहि पक्षांस आवश्यक वाटत होतें. ३ ऑक्टोबर १९२९ रोजीं श्ट्रेझेमान यांचा मृत्यु झाला. १२ मार्च १९३० रोजीं राइखस्टागनें यंग योजना मंजूर केली. ज्या दोन दोऱ्यांनीं मोळी बांधलेली होती, त्या दोन्ही अशा रीतीनें सुटल्या.

मध्यंतरीं ऑक्टोबर १९२९ मध्यें न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळून जगभर मंदीची लाट सुरू झाली. जर्मनीत १९२७ च्या कायद्यानें बेकारीचा विमा सुरू झाला होता. कामगाराच्या वेतनाच्या ३ टक्के इतकी वर्गणी गोळा होई. निम्मी कामगार देई व निम्मी मालक देई. ही योजना सुमारें ८ लाख बेकारांस पुरेल अशा हिशोबानें आंखलेली होती. १९३० च्या आरंभीं बेकारांची संख्या ३० लाखांवर गेली. विम्याचा निधि आटला व सरकारी तिजोरींतून कर्जें द्यावीं लागलीं. १९२९ सालच्या अखेरीस वर्गणी साडेतीन टक्के करण्यांत आली. तीहि अपुरी पडली.

आतां वाद सुरू झाला. सामाजिक लोकशाही पक्ष व कामगार संघटना म्हणाल्या, वर्गणी चार टक्के करा, पण बेकारांच्या भत्त्यास हात लावूं नका. जर्मन लोकपक्ष व कारखानदार म्हणाले, मालकांवर आणखी बोजा नको. भत्ताच कमी करा. फरक किती होता पाहा. शंभर मार्क वेतनामागें अर्धा मार्क. त्यांतील पाव मार्क कामगाराचा व पाव मार्क मालकाचा. मध्य पक्षाचे पुढारी हाइनरिख ब्रूनिंग यांनीं मधली वाट सुचविली कीं, सरकारनें तूर्त ठराविक मदत द्यावी आणि वर्गणी वाढवावयाची कीं भत्ता घटवावयाचा हा निर्णय पुढें ढकलावा. इतर पक्ष त्यास राजी झाले. म्यूलर यांस स्वतः ही तडजोड पत्करावी असें वाटत होतें. पण २७ मार्च १९३० रोजीं त्यांच्याच पक्षाच्या सभासदांनीं ती नाकारली. आज निर्णय टळला तर उद्यां भत्ता कापला जाईल, अशी त्यांना धास्ती होती. त्याच दिवशीं म्यूलर यांनीं राजीनामा दिला.

येथें न्यायबुद्धीनें विचार करणें जरूर आहे. हा दोष एकट्या सामाजिक लोकशाही पक्षाचा म्हणतां येणार नाहीं. त्याची धास्ती निराधार नव्हती, आणि अर्ध्या टक्क्यामागें लक्षावधि उपाशी कुटुंबांचा प्रश्न होता. जर्मन लोकपक्षानें श्ट्रेझेमान यांच्या मागें तडजोडीची वृत्ति सोडली होती. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या भोंवतालच्या सल्लागारांना व सेनाधिकाऱ्यांना समाजवाद्यांवांचून, राइखस्टागवर न विसंबणारें मंत्रिमंडळ हवेंच होतें, आणि त्यांची तयारी आधींच चालू होती. प्रत्येकास वाटलें कीं, आपण बाहेर पडलों तर आपलें बळ राखून राहूं. पुढें संधि येईलच. ती संधि कोणासच आली नाहीं. राइखस्टागच्या बहुमतावर उभें असलेलें तें व्हायमारचें शेवटचें मंत्रिमंडळ ठरलें.

त्यानंतर ब्रूनिंग मुख्य प्रधान झाले. त्यांच्यामागें बहुमत नव्हतें. जुलै १९३० मध्यें राइखस्टागनें त्यांचा वटहुकूम रद्द केला, तेव्हां राइखस्टागच विसर्जित करण्यांत आली. बेकारीनें व उपासमारीनें त्रासलेल्या लोकांपुढें पुन्हां निवडणूक आली. १४ सप्टेंबर १९३० रोजीं नाझी पक्षाच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या. खिडकी आतां रोजचा दरवाजा झाली. १९३० सालीं राइखस्टागनें ९८ कायदे केले होते. १९३२ सालीं अवघे ५ केले, आणि वटहुकूमांची संख्या पांचांवरून साठांच्या घरांत गेली. १९३२ च्या आरंभीं बेकार ६० लाखांवर होते. ३१ जुलै १९३२ च्या निवडणुकीत ६०८ जागांपैकीं नाझी पक्षास २३० व कम्युनिस्टांस ८९ मिळाल्या. हे दोन पक्ष एकमेकांचे हाडवैरी. दोघे मिळून कोणतेंहि मंत्रिमंडळ पाडूं शकत होते, पण मिळून एकहि बनवूं शकत नव्हते. मोडण्यापुरतें बहुमत होतें, घडविण्यापुरतें नव्हतें.

नोव्हेंबर १९३२ मध्यें नाझी पक्षाच्या जागा घटून १९६ झाल्या. तरी ३० जानेवारी १९३३ रोजीं हिटलर मुख्य प्रधान झाला, आणि तोहि संयुक्त मंत्रिमंडळाचाच. त्यांत हिटलर धरून नाझी अवघे तीन होते. बाकीचे जुन्या राष्ट्रीय पक्षाचे व त्यांच्या मतांचे. उपमुख्य प्रधान फॉन पापेन व त्यांचे स्नेही यांस वाटलें कीं, इतक्या जणांत या तिघांस आपण मुठींत ठेवूं. पण सत्तेंत वांटेकरी व्हावयाचें आणि वांटा देण्याची बुद्धि ठेवावयाची नाहीं, अशा माणसाशीं त्यांनीं भागीदारी केली होती. २७ फेब्रुवारीस राइखस्टागची इमारत जळाली. दुसऱ्याच दिवशीं ४८ व्या कलमाखालीं नागरिकांचे हक्क काढून घेण्यांत आले. २३ मार्च १९३३ रोजीं कायदे करण्याचा सर्वाधिकार मंत्रिमंडळास देणारा कायदा राइखस्टागपुढें आला. कम्युनिस्ट सभासदांस सभेस येऊंच दिलें नव्हतें. ऑटो वेल्स यांनीं उभें राहून विरोधाचें भाषण केलें, आणि सामाजिक लोकशाही पक्षाच्या ९४ सभासदांनीं धमक्यांस न जुमानतां विरुद्ध मत दिलें. बाकी सर्व पक्ष वांकले. १४ जुलै १९३३ च्या कायद्यानें नाझींखेरीज दुसरा पक्ष ठेवणें हाच गुन्हा ठरला. हेर्मान म्यूलर हें पाहावयास नव्हते. मार्च १९३१ मध्येंच त्यांचा अंत झाला होता.

एका मंत्रिमंडळाच्या पडण्यानेंच हा सर्व अनर्थ झाला, असें आम्ही म्हणत नाहीं. पराभवाचा सल, मंदी, प्रजासत्ताकाचा द्वेष करणारे अधिकारी व सेनापति, अशीं अनेक कारणें होतीं. सर्व दोष प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या माथीं मारणेंहि बरोबर नव्हे. हॉलंडमध्यें १९१८ पासून हीच पद्धति चालू आहे. तेथें एकाहि पक्षास आजवर एकट्यानें बहुमत मिळालेलें नाहीं, संयुक्त मंत्रिमंडळावांचून गत्यंतर नाहीं, तरीहि तें राज्य आपल्या लोकशाहीच्या बळावर उभें आहे. मग फरक कोठें पडला? आमच्या मतें तो येथें पडला कीं, जर्मनीतील जोडीदारांनीं मंत्रिमंडळ मोडण्याची किंमत कधीं मोजली नाहीं. अर्धा टक्का देण्याची किंमत त्यांनीं पैसान् पै मोजली. तो न देण्याची किंमत मोजावयाची राहून गेली.

दुसऱ्या महायुद्धाच्या विध्वंसानंतर पश्चिम जर्मनीनें २३ मे १९४९ रोजीं नवी मूलघटना जाहीर केली, ती हा धडा शिकूनच. तिच्या ६७ व्या कलमाप्रमाणें मुख्य प्रधानास केवळ नको म्हणून सभेस काढतां येत नाहीं. त्याच्या जागीं दुसरा कोण, हें त्याच मतदानानें बहुमतानें निवडावें लागतें. म्हणजे ज्यांना मोडावयाचें आहे त्यांनीं आधीं घडवून दाखवावें. १९७२ मध्यें हा प्रयत्न दोन मतांनीं फसला. १ ऑक्टोबर १९८२ रोजीं तो सफळ होऊन हेल्मुट श्मिट यांच्या जागीं हेल्मुट कोल आले. शिवाय निवडणुकीच्या कायद्यानें अशी अट घातली कीं, सामान्यतः पांच टक्के मतें मिळाल्याविना पक्षास सभेंत जागा मिळूं नये. संयुक्त मंत्रिमंडळ बनवितांना कोणी काय द्यावयाचें व काय घ्यावयाचें, याचा लेखी करारनामा करण्याची प्रथाहि तेथें पडली.

म्हणून तेथील संयुक्त मंत्रिमंडळें पडतच नाहींत असें नव्हे. नोव्हेंबर २०२४ मध्यें ओलाफ शोल्त्स यांचें तीन पक्षांचें मंत्रिमंडळ अंदाजपत्रकाच्या वादावरून मोडलें. भांडण पुन्हां पैशाचेंच. परंतु या वेळीं राज्य डळमळलें नाहीं. २३ फेब्रुवारी २०२५ रोजीं निवडणूक झाली, पक्षांची बोलणीं झालीं, आणि ६ मे २०२५ रोजीं फ्रीडरिख मेर्त्स यांची निवड झाली. जुने प्रतिस्पर्धी पुन्हां एका मेजाभोंवतीं बसले.

विद्यार्थिमित्रांनो, तडजोड हा शब्द आपल्याकडे कमीपणाचा मानला जातो. तत्त्व सोडणें निराळें आणि आपला वांटा थोडा कमी घेणें निराळें. ९४ सभासदांनीं हिटलरच्या कायद्यास नकार दिला, तेथें तडजोड करणें पाप झालें असतें, कारण तेथें सर्वांचा मताधिकारच पणाला लागला होता. पाव मार्काच्या वादांत मात्र सर्वांनींच थोडें थोडें सोडण्यास जागा होती. कोणती वेळ पहिल्या प्रकारची व कोणती दुसऱ्या प्रकारची, हें ओळखण्याची बुद्धि पुस्तकांतून थोडी येते. वर्गांतील, वसतिगृहांतील व वादविवादमंडळांतील लहानसहान भांडणें नेकीनें मिटवितांना ती अधिक येते.

पालकांस आमची एक विनंती आहे. पुढील निवडणुकीचे निकाल घरीं येतील तेव्हां मुलांना पाटी घेऊन जवळ बसवावें व तीन प्रश्न विचारावे: बहुमतास किती जागा लागतात? कोणकोणते पक्ष एकत्र आले असतां तितक्या होतात? आणि एकत्र येण्यासाठीं त्यांतील प्रत्येकास काय सोडावें लागेल? पहिल्या दोहोंचीं उत्तरें बेरजेनें मिळतील. तिसऱ्याचें उत्तर शोधूं लागलीं म्हणजे मुलें नागरिक होऊं लागलीं, असें समजावें.